इंडेक्स म्हणजे दुसरी प्रत

कंपनीच्या कागदपत्रांत शोध घेण्यासाठी शोधप्रणाली उभारायची तर इलॅस्टिकसर्च घ्यावं, ओपनसर्च घ्यावं की सोलर, यावर बैठकांमध्ये बराच वेळ जातो. तिन्हींच्या पोटात ल्युसीनच आहे, डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेली शोधाची जावा लायब्ररी. २०२१ च्या जानेवारीत इलॅस्टिकसर्चचा परवाना बदलला, त्यातून ओपनसर्चचा फाटा फुटला, आणि तेव्हापासून ही चर्चा आणखी लांबते. माझ्या मते तिन्हींपैकी कुठलंही चालेल. आधी ठरवायला हवं ते वेगळंच: कुठला कागद कोणाला दिसायचा, हे शोधप्रणालीला कोण सांगणार आणि किती लवकर सांगणार?

कारण इंडेक्स, म्हणजे शोधप्रणाली ज्यात शोधते तो साठा, ही कंपनीच्या सगळ्या कागदपत्रांची दुसरी प्रत असते. फाइल सर्व्हर, विकी, करार, तक्रारींची तिकिटं, या सगळ्यांतला मजकूर उपसून तो एका ठिकाणी रचून ठेवलेला असतो. मूळ ठिकाणी कुलूप आहे आणि प्रतीला नाही, तर त्या कुलपाचा उपयोग संपला.

म्हणून नवा इंडेक्स उभा राहिला की मी कुठलेही खास अधिकार नसलेलं एक साधं खातं मागून घेते आणि त्यातून तीन शब्द शोधते: पगार, राजीनामा, पासवर्ड. बहुतेक वेळा काही ना काही हाती लागतं. कधीतरी घाईत 'सर्वांना दिसेल' असं करून ठेवलेली पगारपत्रकं तर ठरलेली. परवानगीच्या हिशेबाने ती उघडीच होती. सात फोल्डर आत असल्यामुळे तिकडे कोणी फिरकत नव्हतं, इतकंच. शोध आला की हा आडोसा जातो. सापडलेल्या फाइलींची यादी मी त्या त्या विभागाकडे देते आणि साफसफाई झाल्याशिवाय प्रणाली लोकांसाठी खुली करू नका, असा आग्रह धरते. याबाबतीत मी तडजोड करत नाही.

परवानग्या तपासायच्या दोन रीती आहेत. पहिलीत आधी निकाल काढायचे आणि मग एकेका कागदासाठी मूळ प्रणालीला विचारायचं, 'हा यांना दाखवू का?' अचूक, पण संथ. शिवाय निकालांची एकूण संख्या आणि बाजूला दिसणारे वर्गवार आकडे आधीच मोजलेले असले, तर कागद न दाखवताही तो आहे हे कळतं. दुसरीत प्रत्येक कागदाबरोबर तो पाहू शकणाऱ्या गटांची नावं इंडेक्समध्येच ठेवायची आणि शोधाच्या वेळी माणसाच्या गटांनुसार चाळणी लावायची. मी दुसरी निवडते. त्यात माणसांची नावं न ठेवता गटच ठेवायचे, म्हणजे कोणी विभाग बदलला तरी कागदांना हात लावावा लागत नाही. ज्या कागदाची परवानगी वाचताच आली नाही, तो कोणालाच दिसता कामा नये. आणि शोधपेटीत टाइप करताना येणाऱ्या सूचनांनाही हीच चाळणी हवी; कागदाचं नुसतं शीर्षक पुष्कळ काही सांगून जातं.

या रीतीची दुखरी जागा म्हणजे वरच्या फोल्डरची परवानगी बदलणं. मूळ ठिकाणी ती एक नोंद असते, पण खाली लाखभर फाइली असतील तर इंडेक्समध्ये तेवढ्या नोंदी नव्याने लिहाव्या लागतात. तोवर जुनीच परवानगी लागू. म्हणून मजकुरातले बदल आणि परवानगीतले बदल यांच्या रांगा वेगळ्या ठेवायच्या आणि परवानगीची रांग आधी रिकामी करायची.

सर्व्हरबद्दल थोडक्यात. शोधप्रणालीला सार्वजनिक आयपी द्यायचाच नाही. इलॅस्टिकसर्चचा ९२०० हा पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, इंटरनेटवर उघडा राहिल्यामुळे २०१७ च्या सुरुवातीला हजारो इंडेक्स पुसले गेले आणि मागे खंडणीची चिठ्ठी राहिली. इलॅस्टिकसर्चमध्ये आठव्या आवृत्तीपासून पासवर्ड आणि टीएलएस (जोडणीवरचा मजकूर गुप्त ठेवणारी पद्धत) आपोआप चालू असतात. 'चाचणीपुरतं' म्हणूनही ते बंद करू नये. मेमरीचा निम्म्याहून जास्त भाग जावाच्या हीपला, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीला, देऊ नये, कारण उरलेल्या मेमरीत ऑपरेटिंग सिस्टिम इंडेक्सच्या फाइली धरून ठेवते आणि शोधाचा वेग बराचसा तिथूनच येतो. ६४ जीबीच्या मशीनवर मी हीप ३० वर थांबवते. ३२ च्या आसपास जावाचे पॉइंटर दुप्पट जागा घ्यायला लागतात. लिनक्सवर मॅक्स मॅप काउंट (एक प्रोसेस मेमरीचे किती भाग जोडू शकते याची मर्यादा) किमान २६२१४४ हवा, नाहीतर नेटवर्कचा पत्ता दिल्यावर इलॅस्टिकसर्च सुरूच होत नाही. डिस्क ९५ टक्के भरली की लिहिणं बंद पडतं, म्हणून माझी धोक्याची सूचना ७५ ला वाजते.

पीडीएफसारख्या फाइलींतून मजकूर काढण्याचं काम अपाची टिका हे साधन करतं. ते स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवा, एखादी बिघडलेली पीडीएफ सगळी मेमरी खाऊ शकते. मराठी कागद असतील तर आणखी एक गोष्ट बघा. 'कर्मचाऱ्यांची' यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, इंडेक्सच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. ते जोडचिन्ह नुसतं गाळलं तर उरतो र्य, आणि जुळणी तरीही होत नाही. इंडेक्समध्ये जाण्याआधी आणि शोधाच्या शब्दावरही, दोन्हीकडे एकच रूप करून घ्यावं लागतं. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फाइलींतून तर अर्थहीन रोमन अक्षरंच बाहेर येतात. त्यांना आधी परिवर्तकातून काढणं भाग आहे.

शेवटी पुसण्याबद्दल, कारण हे कोणी विचारत नाही. कागद इंडेक्समधून काढला की ल्युसीन त्यावर फक्त 'काढलेला' अशी खूण करतं. मजकूर डिस्कवरून जातो तो पुढे केव्हातरी इंडेक्स ज्या तुकड्यांत लिहिलेला असतो त्यांचं विलीनीकरण होतं तेव्हा. त्याआधी घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे इंडेक्सच्या बॅकअप प्रतीत, तर तो तसाच असतो. एखाद्याची माहिती कायमची पुसण्याचं वचन कंपनीने दिलेलं असेल, तर स्नॅपशॉट किती दिवस ठेवायचे हेही त्याच वचनानुसार ठरायला हवं. मी हा आकडा कायदेविषयक विभागाकडून लेखी मागते, आणि तो आल्यावरच बॅकअपचं वेळापत्रक लावते.