लाल गुडघा, निळा गुडघा

उजवा गुडघा दोन महिने झाले दुखतोय. वाटीच्या बरोबर खाली, बोट दाबलं की जीव जातो तिथेच. व्हॉलीबॉलवाल्यांचं हे जुनं दुखणं, जम्पर्स नी म्हणतात. वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा जाड पट्टा असतो ना, पटेलर टेंडन, तो उड्या मारून मारून कुरकुरायला लागतो.

तर आमच्या ओळखीतल्या फिजिओ ताईने मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा (गरम भाग लाल, थंड भाग निळा दाखवणारा) घेतला, म्हणाली ये, बघू. डिसेंबरातली सकाळ, पंचवटीतून होळकर पुलावरून गंगापूर रोडला गाडीवर गेलो, गोदावरीवरचं वारं अंगात घुसत होतं, उजव्या पायात नी कॅप आणि निघताना आईने तिथेच खसाखसा बाम चोळलेला. कॅमेऱ्यात उजवा गुडघा लालभडक, डावा निळा, फरक दोन डिग्रीच्या वर! मी लगेच फोटो टीमच्या ग्रुपवर टाकला आणि पाचव्या मिनिटाला कोच सरांचा फोन, "सूज आहे, महिनाभर ग्राउंडवर दिसू नकोस."

ताईने शांतपणे विचारलं, "नी कॅप कधी काढलीस रे?"

आत्ताच.

ती इतकी हसली की काय सांगू.

दोन दिवसांनी परत गेलो. या वेळी बाम नाही, नी कॅप नाही, सकाळचा व्यायाम नाही, चहासुद्धा नाही (हे सगळ्यात अवघड). हाफ चड्डीवर २० मिनिटं नुसतं बसवलं, पंखा बंद, गुडघ्याला हातही लावायचा नाही. मग सारख्याच अंतरावरून, समोरून सरळ फोटो. फरक किती? ०.३ डिग्री. एवढा तर धडधाकट माणसाच्या दोन गुडघ्यांतही असतो. दोन्ही वाट्या निळसर दिसल्या म्हणून मी घाबरलो, तर ती म्हणाली वाटी आजूबाजूपेक्षा थंडच दिसते, तसंच असतं.

पण गुडघा तर दुखतोच आहे! इथेच खरी गोम आहे. कॅमेरा फक्त कातडीतून बाहेर पडणारं इन्फ्रारेड बघतो, आतलं टेंडन त्याला दिसतच नाही, आतली उष्णता कातडीपर्यंत आली तरच रंग बदलणार. आणि जुन्या दुखण्यात टेंडनला दरवेळी सूज नसतेच, आतले तंतू विस्कटलेले असतात, ते तापतीलच असं नाही. शिवाय या छोट्या कॅमेऱ्यांचा आकडा २-३ डिग्री सहज इकडेतिकडे होतो, म्हणून एका गुडघ्याच्या आकड्याला काही अर्थ नाही, दोन्हींमधला फरक बघायचा. माझं निदान शेवटी झालं ते २५ अंशांच्या उतरत्या फळीवर एका पायाने बसक्या मारायला लावून, तिसऱ्याच बसकीला तोंडातून आई गं आलं. सोनोग्राफीत डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावून दुखऱ्या टेंडनात वाढलेल्या नव्या रक्तवाहिन्याही दिसतात म्हणे, माझी ती अजून केलेली नाही.

मग कॅमेरा फुकट गेला का? मला नाही वाटत. रेडिएशन नाही, टोचणं नाही, सीझनभर दर आठवड्याला त्याच खोलीत, त्याच वेळी त्याच पोराचा फोटो काढला आणि एखाद्या दिवशी एकच गुडघा अचानक तापलेला दिसला, तर कोचला विचारायला निमित्त मिळतं, की बाबा काल किती उड्या मारल्यास. एकट्या फोटोचा उपयोग मोबाईलच्या वॉलपेपरला.

सध्या लेग एक्स्टेंशन मशीनवर (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायचं ते) वजन उचलून ४५ सेकंद धरून ठेवायचं, असं पाच वेळा, दिवसाआड. कंटाळवाणं आहे, पण जिना उतरताना आता शिव्या येत नाहीत. सरांना मात्र तो लाल फोटोच खरा वाटतो, आणि त्या लालीत बामाचाही वाटा असेल हे आईला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.