गोधड्या चौकटीवर: पाच झाल्या, एक गेली

हॉलमध्ये टांगायच्या आठही गोधड्या शिवून झाल्या तेव्हा वाटलं, सुटलो. जेमतेम ८ बाय १० इंचांचे तुकडे, टांगायला असा कितीसा वेळ लागणार? आता शिवायला लागला त्याहून जास्त वेळ टांगण्यातच जातोय.

पहिली फ्रेमवाल्याकडे दिली. त्याने फोटोला करतात तशी काचेखाली दाबून आणली. धावदोऱ्याने कापडावर ज्या बारीक चुण्या पडतात त्याच तर गोधडीचा जीव, आणि त्याच सपाट! काच हवीच असेल तर कडेने पट्टी घालून कापडापासून लांब ठेवायची, हे मीच त्याला सांगायला हवं होतं. तिला सोडवून वाफ दिली, बरीचशी सावरली. दुसरी घरीच पुठ्ठ्यावर पांढऱ्या गोंदाने चिकटवली. वाळल्यावर मलमलीतून कडक, चकचकीत डाग वर आले. ती गेलीच.

तेव्हापासून गोंद बंद. आता सगळं सुईदोऱ्यानेच.

कॅनव्हास ताणायच्या १० बाय १२ च्या लाकडी चौकटी आणल्या. त्यांवर मांजरपाट ताणायचं, पण आधी ते गरम पाण्यातून काढायचं. खळ निघते आणि आटायचं ते आधीच आटतं. हे न करता ताणलेलं कापड पावसाळ्यात सैल पडतं, हा अनुभव जुना आहे. लाकडातून आम्ल सुटतं आणि काही वर्षांत कापडाला पिवळेपणा येतो, म्हणून मध्ये आम्लरहित कागदाचा थर घातला. स्टेपल मारताना चारही बाजूंच्या मध्यापासून सुरुवात, मग थोडं थोडं कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरू केलं की मध्ये झोळ राहतो.

गोधडी मधोमध ठेवून आधी वरची कड, तीही मध्यापासून दोन्हीकडे. वाकडी सुई असेल तर चौकटीच्या मागे हात न घालता पुढूनच टाका घेता येतो. वरच्या कडेला अर्ध्या अर्ध्या इंचावर टाके, कारण सगळा भार तिथेच येतो. बाजूंना एकेक इंच पुरे. खालची कड मी अगदी सैल ठेवते. दोरा ओढून घेतला की गोधडीचं पोट पुढे येतं. आत्याच्या इरकलीची गोधडी जाड आहे, जुन्या नऊवारीचे चार पदर, म्हणजे चार थर. ती मधूनही लोंबायला लागली, म्हणून मूळ धावदोऱ्याच्या टाक्यांखाली लपतील असे पाच टाके मध्ये घेतले. शोधूनही सापडत नाहीत. (मला स्वतःला दोन सापडत नाहीयेत.)

अडलंय ते सिद्दी पद्धतीच्या तुकड्यापाशी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कडेपासून आत शिवत येतात आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोण लावतात. त्यांना त्या फुलं म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंद (त्यांची गोधडी) पुरं झालं असं मानत नाहीत. माझी फुलं कडेबाहेर अर्धा इंच येतात. टाचून टाकली तर मेल्यासारखी दिसतात, मोकळी सोडली तर खाली वळतात. सध्या वरची दोन मोकळी ठेवून खालच्या दोघांना मागून एकेक टाका दिलाय. अजून मन बसत नाही.

टांगणीसाठी मागे दोन कड्या, वरून साधारण तिसऱ्या भागावर, आणि मध्ये तार. एकाच खिळ्यावर टांगलं की लोक जाता-येता धक्का देतात आणि चौकट तिरकी होते, म्हणून दोन खिळे. भिंतीवर मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर. दिव्यांचं हॉलवाल्यांशी बोलायचं राहिलंय. संग्रहालयं कापडावरचा उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपासच ठेवतात, आणि आपल्या हॉलमधले फोकस थेट तोंडावर येतात. इरकलीचा लाल रंग आधीच एका घडीवर विटलाय.

मागे कापडी चिठ्ठी शिवतेय: कुणाची साडी, कोणत्या वर्षी शिवली, किती पदर. पाचांना झाली. कवंदाची चिठ्ठी लिहून तयार आहे, पण फुलांचं ठरल्याशिवाय लावायची नाही.