गोळ्या सुरू झाल्यात, आता घरच्यांनी काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरातल्या कुणाला नैराश्य आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, चिठ्ठीवर गोळी लिहून दिली, की घरी आल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: आता हिच्याशी बोलायचं काय? बोलण्याचं नंतर पाहू. आधी पहिले सहा आठवडे सांभाळा, कारण औषध अनेकदा तेव्हाच सुटतं.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांचा त्रास पहिल्या दिवसांतच जाणवू शकतो. गुण दिसायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा ते आठ. म्हणजे पाचव्या दिवशी पदरात फक्त मळमळ, जड डोकं आणि अस्वस्थपणा. मग पेशंट म्हणतो, "मला नाही सोसत हे," आणि घरचेही मान डोलावतात. हा त्रास बहुतेकांना आठवडा-दोन आठवड्यांत कमी होतो. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर द्या. झोप उडत असेल तर वेळ बदलून सकाळची करता येईल का, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीनच गोष्टी लिहा: गोळी घेतली का, झोप किती तास, जेवण किती. पुढच्या भेटीत पेशंट "बरं आहे" एवढंच म्हणेल; डॉक्टरांना खरी माहिती त्या चौकटींतून मिळेल. रक्त तपासलं नसेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 बद्दल जरूर विचारा.

आता बोलणं. "मन खंबीर कर", "तुला कमी काय आहे?" ही वाक्यं आजारी माणसाच्या कानात "दोष तुझाच" अशी शिरतात. "काय खाशील?" हा प्रश्नसुद्धा जड जातो, कारण या आजारात साधं ठरवणंही जमत नाही. अर्धी वाटी मऊ भात आणि ताक समोर ठेवा. "फिरायला जात जा" म्हणण्यापेक्षा चपला घाला आणि म्हणा, "चल, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येऊ." दहा मिनिटं पुरेत. नाही म्हणाली तर उद्या पुन्हा विचारा, चिडू नका.

यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे जिवाबद्दल स्पष्ट विचारणं. "जगू नये असं वाटतं का? काही ठरवलंयस का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट एकट्याने वाहिलेलं ओझं थोडं उतरतं. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलांवर जास्त लक्ष हवं. कधी कधी अंगात बळ आधी येतं आणि मन मागे राहतं. म्हणून गोळ्यांची सगळी पाकिटं तुमच्याकडे ठेवा, एका वेळी थोड्याच द्या. शेतघर असेल तर फवारणीचं औषध घरात नकोच. कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवा. उत्तर "हो" आलं तर एकटं सोडू नका, थेट दवाखाना गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो घरच्यांसाठीही आहे.

उलटही होऊ शकतं. तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, बडबड वाढली, पैसे उधळले जाताहेत, तर "बरी झाली" म्हणून आनंदू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आजार बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उत्साह असा असेल तर औषध बदलावं लागतं.

आणि "सवय लागेल" ही भीती. नैराश्याच्या या गोळ्यांची नशा होत नाही. सोबत दिलेल्या झोपेच्या गोळीची सवय लागू शकते, म्हणून ती थोडेच दिवस देतात. दोन्ही गोळ्या वेगळ्या ओळखायला शिका. बरं वाटू लागल्यावरही मूळ औषध साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके आल्यासारखं होऊ शकतं. बंद करायचंच तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतील. तोवर पुढचं पाकीट, हातातलं संपायच्या आठवडाभर आधी आणून ठेवा.