बोअरचं पाणी आणि मंजिष्ठेचा लाल

कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, मी पहिल्यांदा गेले ती ऐन श्रावणात. राजापूर तालुक्यातल्या या गावी कातळात एक हत्ती कोरलेला आहे, सुमारे १८ मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात जनावरं, पक्षी, मासे अशा कितीतरी आकृत्या. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून माणसं बघायला येऊ लागली. मी गेले त्या दिवशी मात्र सड्यावर कोणी नव्हतं. नुकतीच सर येऊन गेली होती आणि रेषांमध्ये पाणी तुंबलेलं होतं. उभं राहून हत्ती दिसत नव्हता, नुसत्या चकाकणाऱ्या वळणदार खाचा दिसत होत्या.

येताना वाटेत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, खाण लागली. सडा वरून काळा, शेवाळलेला, आणि कापला की आत लालभडक. तेव्हाच ठरवलं की हे कापडावर आणायचं. पाच मीटर खादी, जमीन काळी आणि रेषा आतल्या जांभ्यासारख्या लाल. हत्तीची नक्कल मला करायची नव्हती. मला ती खाच हवी होती.

काळा आणि लाल एकाच कापडावर, तोही झाडामुळांतून काढलेला, हे काम कच्छचे खत्री छपाईकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. म्हणून जानेवारीत भुजजवळच्या अजरखपूरला बारा दिवस राहिले. कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळं करायचं. लोखंडाचं भंगार आणि गूळ पाण्यात आंबवून त्यात चिंचोक्याचं पीठ शिजवलं की काळ्याची खळ तयार होते. तुरटीची खळ लालासाठी. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड भेटले की कापडावर तिथल्या तिथे काळा उमटतो. तुरटी लावलेली जागा मात्र मंजिष्ठेच्या मुळांच्या रंगाच्या कढईत जाईपर्यंत काहीच सांगत नाही. कढईतून वर आली की लाल! तो क्षण मी बारा दिवसांत अनेकदा पाहिला आणि दर वेळी जवळ सरकून पाहिला.

तिथेच एक गोष्ट ऐकली होती, तिचा अर्थ मला काही महिन्यांनी कळला. अजरखपूर हे गाव २००१ च्या भूकंपानंतर वसलं. त्याआधी ही कुटुंबं धमडक्याला होती. भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोखंड वाढलं, रंग बिघडू लागले, आणि कित्येकांनी पाण्यासाठी गाव सोडलं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या पानावर खळीची मापं लिहायला लागले.

कोकणात घरी आल्यावर पडवीत काम मांडलं. शंभर ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम हिरडा, पंधरा ग्रॅम तुरटी, पन्नास ग्रॅम मंजिष्ठा. वजनं तीच, मुळं चांगली, आंच बेताची. मंजिष्ठेला ७० अंशांच्या वर नेलं तर लाल करपून विटकरी होतो, म्हणून थर्मामीटर घेऊनच बसायचे. तरी पातेल्यातून निघायचा तो मळकट तपकिरी. चहाच्या फडक्यासारखा. फेब्रुवारी ते मे मी बत्तीस तुकडे रंगवले. हिरडा बदलला, तुरटी दुसऱ्या दुकानातून आणली, मंजिष्ठा विकणाऱ्याशी फोनवर वादही घातला, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण त्याचा माल उत्तम होता.

शेजारच्या काकू रोज संध्याकाळी येऊन दांडीवरचे तुकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "गो, पाणी कुठलं घेतेस?"

"बोअरचं."

"अगो, त्या पाण्याचा आम्ही चहासुद्धा करीत नाही. काळा पडतो."

मी तशीच आत गेले. एका वाटीत बोअरचं पाणी, एका वाटीत काकूंच्या विहिरीचं, आणि दोन्हींत चमचाभर हिरड्याचा काढा. बोअरची वाटी बघता बघता निळसर काळी झाली. चहा काळा पडतो तोही याचमुळे, चहात हिरड्यासारखाच तुरट अंश असतो. बोअरचं पाणी उपसताना नितळ दिसतं, बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला पिवळा गाळ बसतो. तो गाळ मी वर्षानुवर्षं घासून काढत होते. माझ्या प्रत्येक पातेल्यात मी न घालता लोखंड पडत होतं आणि लालात काळा मिसळत होता. धमडक्याची गोष्ट माझ्या पडवीत घडत होती, आणि ती ओळखली चहा करणाऱ्या बाईने. गावातल्या स्वयंपाकघरांत पाण्याची जी पारख आहे ती कुठल्या कार्यशाळेत मिळत नाही, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे.

काकूंची विहीर मे महिन्यात तळ गाठते, तिच्यातून रंगकामाला पाणी मागणं बरं नव्हतं. मग पावसाची वाट बघितली. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मी लोखंडाच्या पाण्याशी झगडत बसले होते! जूनमध्ये कौलांच्या पागोळ्यांखाली पन्हळ बांधली, पहिले आठ दिवस पाणी सोडून दिलं, मग मलमलीच्या दुहेरी फडक्यातून तीन निळी पिंपं भरून घेतली.

पावसाच्या पाण्यातला पहिला तुकडा मी विसरणार नाही. स्वच्छ होता, अजिबात मळ नाही. पण लाल नव्हता, नारिंगी होता. पिकल्या सुपारीच्या सालीसारखा.

याचं कारण शोधायला थोडं वाचावं लागलं. मंजिष्ठेचा रंग आणि तुरटी यांची गाठ घट्ट बसायला पाण्यात थोडं कॅल्शियम लागतं. पावसाचं पाणी अगदी मऊ, त्यात ते जवळजवळ नसतंच. परदेशातले रंगारी अशा वेळी खडूची पूड घालतात. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि शिंपले म्हणजेही तेच. आमच्याकडे रविवारी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, होतात. त्यांच्या शिंपा उकळून, घासून, उन्हात वाळवून पाट्यावर वाटल्या आणि वस्त्रगाळ पूड केली. पहिल्यांदा जास्त पडली, रंग जांभळट झाला. पिंपातल्या दहा लिटर पाण्याला एक चमचा, हे माप चौथ्या तुकड्याला सापडलं. त्या दिवशी पातेल्यातून जे वर आलं ते खाणीतल्या ताज्या चिऱ्यासारखं होतं. मी तो ओला तुकडा तसाच घेऊन काकूंकडे गेले.

काळ्याची कहाणी वेगळी. तो पहिल्या प्रयत्नात झकास उतरला होता, म्हणून मी निर्धास्त होते. गणपतीत ट्रंक उघडली तर मार्चमधल्या काळ्या तुकड्यावर बोटाच्या दाबाने भोक पडलं. लोखंडाचं आंबवण आंबट असतं, आणि लोखंड जास्त राहिलं की सुती धागा हळूहळू कुजतो. तेव्हापासून आंबवण गाळून पातळ करते आणि छापल्यावर कापड भरपूर पाण्यात धुतल्याशिवाय पुढे नेत नाही.

मधल्या काळात कोकमाचंही विचारणारे खूप भेटले. कोकणातली रंगारीण, मग कोकमाचा गुलाबी का नाही? मी तो करून बघितला आहे. दिसतो गोड, पण उन्हात आठवड्याभरात उडतो आणि साबण लागला की करडा पडतो. तो टिकाऊ रंग म्हणून विकणं मला पटत नाही. त्यापेक्षा कात बघा. खैराचा कात, आणि त्याला चुन्याच्या निवळीचा हात दिला की विड्यात रंगतो तसा कापडावरही तांबूस होतो.

खरं कापड दसऱ्यानंतर घेतलं. पावसाळ्यात खळ वाळतच नाही, दमट हवेत पसरते, आणि कापडावर बुरशीचे ठिपके येतात. कच्छमध्ये पाच मिनिटांत वाळणारं काम आमच्याकडे दोन दिवस घेतं. अंगणात चटया घालून खादी ताणून बसवली. आधी तुरटीच्या खळीने रेषा ओढल्या, ठसा न वापरता, माडाच्या हिराच्या टोकाने, कारण छिन्नीची रेषा कुठे जाड कुठे बारीक असते. मग लोखंडाच्या खळीने कुंचल्याने जमीन भरली, रेषेच्या कडेपर्यंत. या कामाला नऊ दिवस लागले. पाठ मोडून आली.

पाच दिवस वाळू दिलं आणि धुवायला पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, नेलं. पऱ्या नोव्हेंबरात अजून खळाळता होता, त्याचं पाणी आधी हिरड्याच्या काढ्याने तपासून घेतलं होतं. वाहत्या पाण्यात दोघींनी दोन टोकं धरली, काकूंची सून आणि मी. सुटं लोखंड वाहून जाईपर्यंत, साधारण पाऊण तास. हात बधिर झाले. इथे घाई केली असती तर सुटलेला काळा पातेल्यात लालावर बसला असता. शेवटी पिंपातलं पाणी, शिंपांची पूड, मंजिष्ठा, आणि दोन तास मंद आंच.

कापड वर आलं तेव्हा जमीन आणखी गडद झाली होती आणि रेषा पेटल्यासारख्या लाल. एका कोपऱ्यात मात्र थोडं लोखंड रेषेत शिरलं आणि तिथे वीतभर जांभळा उतरला. तो मी तसाच ठेवला आहे. सड्यावरही तिन्हीसांजेला एखाद्या खाचेत तसाच रंग दिसतो.

यंदा पिंपं सहा आहेत. पन्हळ वैशाखातच बांधून घेतली आणि काकू तिसऱ्यांच्या शिंपा माझ्यासाठी वेगळ्या डब्यात ठेवतात.