शाळा लवकर सोडण्यापूर्वी

खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी २८ वर्षे शिकवले आणि एवढ्या वर्षांत पावसाचा जोर वाढला की आम्ही शिक्षक एकच निर्णय घेत असू: शाळा लवकर सोडून द्यायची. त्यामागे काळजीच होती. पण ज्यांना आम्ही भक्कम छपराखालून बाहेर काढत होतो, त्यांतली निम्मी मुले वहाळावरचा साकव ओलांडून आपापल्या वाडीवर जात, आणि त्या घटकेला साकवाखालचे पाणी कुठवर चढले आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नसे. एका जुलैत दुपारी दोन वाजता घंटा दिली आणि सात मुले साकवाच्या अलीकडे अडकली. जवळच्या घरातल्या आजींनी त्यांना पडवीत बसवून ठेवले म्हणून निभावले. आम्हांला हे कळले दुसऱ्या दिवशी.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये काढली. आमचाही आराखडा फायलीत होता, दुसऱ्या शाळेच्या आराखड्यावरून उतरवलेला. त्यात भूकंपाला दोन पाने दिली होती आणि साकवाचे नावही नव्हते.

निवृत्तीनंतर शाळा व्यवस्थापनाच्या आग्रहावरून तो नव्याने लिहायला बसलो, तेव्हा पहिला प्रश्न मुलांना कधी सोडायचे हा नसून कधी सोडायचे नाही हा ठरला. वहाळाला पूर आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की पाण्याला उतरायला वाट राहत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, हा हिशेब मच्छीमार पालकांना तोंडपाठ आहे. आम्ही पदवीधर मात्र कधी त्यांच्याकडे विचारायला गेलो नाही. आता साकवापलीकडच्या प्रत्येक वाडीतल्या एका माणसाने पाणी पाहून निरोप दिल्याशिवाय तिकडची मुले सोडायची नाहीत, आणि वेळ पडली तर रात्रभर शाळेत ठेवायची, असे ठरले आहे. त्यासाठी पोषण आहाराच्या कोठीत तांदूळ-डाळ असतेच. पिण्याचे पाणी, बॅटऱ्या आणि सतरंज्या यांची सोय तेवढी करावी लागली.

पालकांचे दूरध्वनी क्रमांक वहीत उतरवून घेतले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइल मुके झाले होते. क्रमांकाबरोबर घरी जाण्याची वाट आणि मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे त्यांची नावेही लिहिली. मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीस गेलेले असतील तर निर्णय कोणाचा, आणि तेही नसतील तर कोणाचा, हेही नावानिशी नोंदवले. यावर थोडे रुसवेफुगवे झाले. होऊ द्यावेत.

सर्वांत जास्त वेळ मात्र एका वेगळ्याच कलमाला लागला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीतली काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. अशा मुलाला घरची बातमी कोणी सांगायची, कुठे बसवून सांगायची, आणि तोवर ती वर्गात कुजबुजीतून त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून काय करायचे, यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी शाळेच्या मदतनीस बाई म्हणाल्या, "मी बसेन त्याच्याजवळ." त्या कलमापुढे त्यांचे नाव लिहिले आहे, आणि त्या रजेवर असतील तर माझे.