प्रार्थनापत्रात न लिहिलेली ओळ

मेळघाटात आम्ही नऊ वर्षं होतो. यजमान सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्माचा प्रचार करणारे, मी नर्स. धारणीपासून आत एका कोरकू वस्तीत दोन खोल्यांचं घर, पुढं पडवी, आणि पडवीतच माझा दवाखाना. दर तीन महिन्यांनी प्रार्थनापत्र लिहायचं काम माझ्याकडं होतं, कारण अक्षर माझं बरं. हे पत्र आमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या घरांना जायचं: नगर, राहुरी, संगमनेर, पुणे. त्याच घरांतून महिन्याला शंभर-दोनशे रुपये यायचे आणि त्यावर आमची चूल पेटायची.

सातव्या वर्षीच्या श्रावणात सिपनेला पूर होता, रस्ता तुटलेला. पंधरा दिवसांत तीन तान्ही लेकरं माझ्या हातात गेली. आधीच कुपोषित, त्यात न्यूमोनिया. तिसऱ्याची आई काही बोलली नाही. माझ्या हातातून त्याला घेतलं, पदरात गुंडाळलं आणि पावसात निघून गेली. छत्री द्यायचंसुद्धा मला सुचलं नाही.

त्यानंतर झोप गेली. रात्री तीनला जाग यायची ती उजाडेपर्यंत. भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि तवा जळायचा. कुणाचं मूल रडलं की मी घरामागं जाऊन उभी राहायचे. सप्टेंबरचं पत्र लिहायला बसले आणि आपोआप लिहून गेले, “मला झोप लागत नाही. देवाशी बोलावंसं वाटत नाही.” दोनदा वाचलं. कागद फाडला. नव्या कागदावर लिहिलं, “सेवाकार्य आशीर्वादित चालू आहे. मुलं मजेत आहेत. रस्त्यासाठी प्रार्थना करावी.”

खरं सांगायचं तरी कुणाला? आमच्यावर संस्थेतले एक देखरेख करणारे भाऊ होते, मनानं चांगले. पण त्यांच्याच अहवालावर बदली ठरायची, मुलांच्या फीची मदतही ठरायची. तरी वार्षिक मेळाव्यात धीर करून बोलले. ते म्हणाले, “ताई, हा सैतानाचा हल्ला आहे. उपास धरा, वचनात राहा.” मी तीन दिवस उपास धरला. आधीच झोप नाही, त्यात पोटात अन्न नाही. चौथ्या दिवशी विहिरीवर पाणी शेंदताना जो विचार मनात आला तो मी अजून आईला सांगितलेला नाही.

ओळखलं ते सासूबाईंनी. नाताळाला आल्या होत्या. एकच पातेलं मी कितीतरी वेळ घासत बसलेली त्यांनी पाहिली आणि हातातून काढून घेतलं. “जा, पड जरा,” एवढंच म्हणाल्या. प्रार्थना त्यांनी केलीच असणार, पण माझ्यासमोर मोठ्यानं नाही. दोन आठवडे त्यांनी चूल सांभाळली, मुलं सांभाळली, मला उठवून गरम भाकरी खायला लावली आणि परत झोपवलं. मग यजमानांना म्हणाल्या, हिला डॉक्टरकडं न्यायचं. बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. आधी झोप, मग भाकर आणि पाणी, परत झोप, परत भाकर. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आले होते. कळला मात्र त्या नाताळात.

अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी तीन गोष्टी विचारल्या. झोप किती होते, जेवण जातं का, मरून जावंसं वाटतं का. तिसरा प्रश्न इतका सरळ मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. मी हो म्हटलं आणि रडले. लोकांना वाटतं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही, उलट ओझं उतरतं. डिप्रेशन होतं. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून त्या मनानं बंद करायच्या नसतात, हे त्यांनी यजमानांना बसवून समजावलं.

पुढं नगरला परतल्यावर मी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं. तेव्हा डोरोथी केरी भेटली, म्हणजे वाचनात. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याचं नाव आपण मराठी ख्रिस्ती लोक आदरानं घेतो. १८०५ साली त्यांनी मराठीचं व्याकरण सेरामपूरला छापलं, १८१० मध्ये कोश, पुढच्या वर्षी मराठी नवा करार. (आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं हुगळीकाठचं.) डोरोथी त्यांची बायको. तिला हिंदुस्थानात यायचंच नव्हतं. काही आठवड्यांचं बाळ घेऊन, बहीण सोबत येते म्हणाली तेव्हा कशीबशी १७९३ साली जहाजावर चढली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आजारानं गेला. तिचं मन तिथून सावरलं नाही. भ्रम होऊ लागले, खोलीत बंद करून ठेवायची वेळ आली. डिसेंबर १८०७ मध्ये ती गेली. म्हणजे मराठीचं व्याकरण तयार होत होतं, तेव्हा त्याच घरात ही बाई होती. त्या काळी औषध नव्हतं, म्हणून मी केरींना दोष देत नाही. पण आपल्या उपदेशांतून केरी जितक्या वेळा येतात, तितक्या वेळा डोरोथीही यावी, असं मला फार वाटतं.

दुसरे मिशनरी स्टॅन्ली जोन्स. १९०७ साली अमेरिकेतून लखनौला आले आणि साडेआठ वर्षांत मनानं, शरीरानं कोसळले. रजेवर गेले, परत आले, परत कोसळले. शेवटी लखनौच्याच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना करताना बरे झाले, असं त्यांनी स्वतः उघडपणे लिहिलं. आता इथं नीट पाहा. ज्या माणसाला प्रार्थनेनं बरं केलं, त्यानं इतरांना ‘नुसती प्रार्थना करा’ असं सांगितलं नाही. त्यानं १९५० मध्ये लखनौला नूर मंझिल हे मनोरुग्णांसाठीचं केंद्र उभं केलं, डॉक्टरांसकट.

माझी एक मागणी आहे आणि ती मी चर्चच्या प्रत्येक मंडळीत, प्रत्येक संस्थेत बोलते. सेवक ज्याच्यापाशी मन मोकळं करील, तो माणूस त्याचा पगार आणि बदली ठरवणारा नसावा. ऐकलेलं कार्यालयात जाऊ नये, चर्चच्या पाळकांकडंही नाही. हे नसेल तर तुम्ही कितीही शिबिरं घ्या, सगळे जण ‘आशीर्वादित’ असंच लिहीत राहतील. आणि रजा म्हणजे रजा. उन्हाळ्यात गोऱ्या मिशनऱ्यांना महाबळेश्वर होतं. आमच्या रजेत मात्र रोज नवं देऊळ, साक्ष म्हणजे आपला अनुभव सगळ्यांपुढं सांगणं, अहवाल, कुणाच्या तरी घरी जेवण, आणि मुलं कंटाळून पेंगुळलेली.

मागच्या गुरुवारी ओडिशातल्या सेवाकार्यातून परतलेली एक मुलगी आली होती. लग्नाला चार वर्षं. मी मटार सोलत होते, तीही सोलायला बसली. माझ्याकडं बायका अशाच बोलतात, खुर्चीवर समोरासमोर बसवलं की गप्प होतात. अर्धी टोपली झाली तेव्हा म्हणाली, “मावशी, मला बायबल उघडावंसं वाटत नाही. मी विश्वासातून पडले का?” मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून दिलं. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुती नाही, तरी शास्त्रात आहे. तिनं ते दोनदा वाचलं. मग मी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि तिसरंही विचारलं.

रात्री-अपरात्री माझा फोन लागला नाही तर म्हणून १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी बरोबर जाणार आहे. नवऱ्यानं विचारलं, कार्यालयाला काय कळवू? म्हटलं, तब्येतीसाठी दोन महिने रजा, एवढंच लिही, आणि या दोन महिन्यांत एकाही देवळात साक्ष द्यायला जाऊ नका.