तीन तुकडे

माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीवरचा काळा रंग उतरवला आणि खाली लाकडाचे तीन तुकडे निघाले. कडेचे दोन फिकट, मधला तांबूस, त्याचे रेषेही भलतीकडेच तिरके. तेव्हापासून कशात लक्ष नाही. आईने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. काय सांगणार?

रंग तरी सुखासुखी कुठे निघाला. पॉलिएस्टरचा जाड थर. रंग काढायचं द्रावण त्याच्यापुढे हात टेकतं. हीट गनने तापवायचं, थर सैल पडला की खालून पट्टी सारायची. गन एका जागी जरा रेंगाळली की लाकूड करपतं. वास तर विचारूच नका. मग पॉलिश पेपर, जाड ते बारीक: 120, 180, 220 नंबरचे. नेक, म्हणजे गिटारची मान, बसते ती खाच तेवढी सोडायची, तिथे थोडं जरी जास्त घासलं तरी नेक सैल बसते. हे सगळं कशासाठी, तर खालचं लाकूड दिसावं, वर नुसतं पारदर्शक लॅकर असावं म्हणून. दादाने नको म्हणून सांगितलं होतं. असो.

फसवल्यासारखं वाटतंय. पण फसवलं कोणी? आल्डर लाकडाचा म्हणून घेतला, आल्डरच आहे. अखंड फळीचा आहे असं कोणी कधी म्हणालं नव्हतं. बहुतेक बॉडी दोन-तीन तुकडे चिकटवूनच होतात. तेवढी रुंद, बिनगाठीची फळी महाग पडते. सांधा इतका घट्ट आहे की नखाला लागत नाही. देखणी लाकडं पारदर्शक फिनिशला जातात, उरलेली गडद रंगाखाली. 1950च्या दशकात फेंडर कंपनीनेही लाकूड झाकणारे मोटारींचे रंग गिटारला दिलेच की. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. तरीही फसवल्यासारखं वाटतंय.

आवाजावर म्हणे फरक पडत नाही. आवाजासाठी मी रडतोय असं कोणाला वाटतंय? इतकी वर्षं पोटाशी धरून वाजवला, आणि आत काय आहे ते... जाऊ दे.

आज बटणांच्या कंट्रोल प्लेटखाली झाकल्या जाणाऱ्या जागी काळा डाय, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावून पाहिला. तांबूस तुकडा ढसाढसा प्यायला, फिकट तुकड्याने नुसती चव घेतली. सांध्याजवळ जुन्या गोंदाचा डाग होता, तिथे तर रंग धरलाच नाही. बॉडीच्या टोकांना, जिथे रेषे आडवे कापलेत, तिथे आणखी गडद होणार. म्हणजे डाय लावून हे तिघे आणखीच उठून दिसणार, लग्नाच्या फोटोत न बोलणाऱ्या भावांसारखे. हसू आलं खरं.

तेव्हा ठरलं. आधी लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर, मग अपारदर्शक रंग, वर नायट्रो लॅकरचे पातळ हात. नायट्रो पक्कं व्हायला आठवडे लागतात, तोवर हात आवरायचा. जमणार नाही, पण बघू.

दादा विचारेलच, एवढी उठाठेव करून पुन्हा काळाच? हो, काळाच. पण मंद चकाकीचा, सॅटिन.